बर्फाच्या देशातली मोटार, मराठवाड्याची पहाट

१/७
युरोपातील जुन्या मोटारचालकांच्या आठवणींत बर्फ हटकून येतो. आमच्या गोरेगावात (जि. हिंगोली) बर्फ कधी पडला नाही. मात्र बर्फाच्या देशात घडलेल्या मोटारी निजामाच्या राज्यात धावल्या, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या मोटारींच्या हिवाळ्याविषयी हा थ्रेड.

२/७
जून १९३२. निजामाच्या सरकारी रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी बसगाड्या २७ आणि कर्मचारी १६६. त्या काळातील आल्बियन बस स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या कारखान्यातून आल्या. १९३२ची अशी एक बस हैदराबादेत आजही जतन केलेली आहे.

३/७
थंड देशांत रेडिएटरमधील पाणी हा चालकाचा पहिला शत्रू असे. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाचे ओतीव लोखंडही तडकते. म्हणून अनेक चालक रात्री पाणी काढून टाकत आणि सकाळी कोमट पाणी भरत. चाकांना साखळ्या बांधल्याखेरीज दाट बर्फात गाडी हलत नसे.

४/७
मराठवाड्यात हे भय नव्हते. तरी पौषातील पहाट इंजिनाला जाणवेच. गारठ्याने तेल दाट होते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि बॅटरीही मंदावते. मग चोक ओढायचा आणि समोरून हँडल मारायचे.

५/७
हँडल मारणे ही जोखीम होती. इंजिन उलटे फिरले तर हँडल झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा दांड्याभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवण्याचा दंडक होता.

६/७
गेल्या हिवाळ्यात नव्वदीकडे झुकलेल्या एका आजोबांना भेटलो. तरुणपणी ते मालमोटारीवर क्लीनर होते. काही विचारण्यापूर्वीच त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. तो वाकडाच जुळला होता. “पोरा, हा पहिल्या हिवाळ्यातला,” एवढेच ते म्हणाले.

७/७
१७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, दप्तरे बदलली. २७ आणि १६६ हे आकडे टिकले; पहाटे हँडल कोणी मारले, हे त्या आकड्यांत नाही. ती नोंद माणसांच्या हातांवर आहे आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या घरी असे कोणी असेल, तर या हिवाळ्यातच त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.