सायकलचा द्रवीय तबकडी ब्रेक

सायकलचा द्रवीय तबकडी ब्रेक : हाताचा दाब नळीतील तेलामार्फत चाकापर्यंत पोहोचवून, हबवर बसविलेली पोलादी तबकडी दोन्ही बाजूंनी आवळणारा ब्रेक. व्यवहारात यास ‘डिस्क ब्रेक’ म्हणतात. डोंगरी सायकलींवर त्याचा प्रसार १९९० नंतर झाला.

त्याची मूलतत्त्वे बरीच जुनी आहेत. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांचा सिद्धांत १६६३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. मोटारीच्या तबकडी ब्रेकचे एकस्व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवीय ब्रेक आले. सायकलला मात्र हे सारे फार उशिरा लाभले. भारतातील जुन्या सायकलींचा सळईचा ब्रेक रबरी गुटक्यांनी रिम दाबतो. लोखंडी रिम भिजली की तो जवळजवळ निकामी होतो. कोकणच्या पावसाळ्यात उतारावर सायकल हाती धरून चालण्याची रीत त्यातूनच पडली असावी.

डोंगरी सायकलीचा उगमही ब्रेकच्या दोषाशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ पासून काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकलींवर डोंगर उतरण्याच्या शर्यती लावीत. पायडल उलट दाबून लागणारा हबमधील ब्रेक एवढा तापे, की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. यावरून त्या वाटेलाच ‘रीपॅक’ (पुन्हा भरणे) असे नाव पडले.

द्रवीय ब्रेकमध्ये मुठीजवळचा लहान दट्ट्या तेल ढकलतो व तबकडीजवळचे मोठे दट्टे गुटके पुढे सारतात. मूठ सोडताच दट्ट्याभोवतीचे पिळलेले रबरी कडे पूर्ववत होऊन त्यास किंचित मागे ओढते. गुटके झिजले तरी ब्रेक आपोआप जुळलेला राहतो तो यामुळे. तेल दाबाने फारसे आकुंचन पावत नाही, हवा मात्र पावते. म्हणून नळीत हवा शिरल्यास मूठ स्पंजासारखी मऊ लागते व थेट हँडलपर्यंत येते. यावर तेल खेळवून हवा काढणे हाच उपाय. सायकल बराच वेळ उलटी ठेवल्यानेही टाकीतील हवा नळीत जाऊ शकते.

मुरुड (जि. रायगड) येथे, तसेच तेथून काशीदकडे जाणाऱ्या चढउताराच्या रस्त्यावर, या ब्रेकचे वेगळेच शत्रू आहेत. वाळूचे कण व खारी हवा यांमुळे दट्टे अडकतात. मग गुटके एका बाजूने घासत राहतात. पुळणीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे येथे अगत्याचे ठरते. ब्रेक करकरू लागल्यास तेल सोडण्याचा जुना संस्कार येथे घातक होय : खोबरेलाचा वा यंत्रतेलाचा थेंब गुटक्यात मुरला, की घर्षण नाहीसे होते आणि बहुधा गुटके बदलावेच लागतात. तबकडी स्पिरिटने पुसावी. १.८ मिमी. जाडीची तबकडी झिजून सु. १.५ मिमी. झाली, की सामान्यतः बदलतात.

दमट हवेचा परिणाम तेलाच्या प्रकारावर अवलंबून असतो. काही ब्रेकमध्ये खनिज तेल, तर काहींत ग्लायकॉल-ईथरयुक्त ‘डॉट’ द्रव असतो. दुसरा हवेतील बाष्प शोषतो. ‘डॉट ४’ चा उत्कलनबिंदू कोरडा असता किमान २३०° से. असावा लागतो, ठराविक प्रमाणात पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५° से. धरतात. लांब उतारावर ब्रेक तापून असा द्रव उकळल्यास नळीत वाफ होते व मूठ एकाएकी सैल पडते. थंड झाल्यावर ती पुन्हा घट्ट लागते, त्यामुळे दोष तपासणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. दोन्ही द्रव एकमेकांच्या जागी वापरल्यास रबरी कडी फुगून ब्रेक निकामी होतो. कोणता द्रव भरावा हे बहुधा मुठीजवळील टाकीच्या झाकणावर कोरलेले असते.