नाखुदा आणि नाखवा

उर्दू काव्यात 'खुदा' आणि 'नाखुदा' ही जोडी वारंवार भेटते. वादळ उठते, तारू डळमळू लागते, आणि कवी नाखुदाकडे पाठ फिरवून खुदावर भरवसा ठेवतो. या शब्दखेळामुळे 'नाखुदा' म्हणजे 'जो खुदा नव्हे तो', असा समज सहज रुजतो. शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे.

येथील 'ना' निषेधार्थी नाही. तो फारसी 'नाव' या शब्दाचा संक्षेप होय. ही 'नाव' संस्कृत 'नौ' आणि लॅटिन 'नाविस' यांच्याच कुळातील. 'खुदा'चाही जुना अर्थ स्वामी असा आहे. 'कदखुदा' म्हणजे घरधनी. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा धनी.

या धनीपणाचा भक्कम पुरावा वेरावळ येथील १२६४ सालच्या लेखात सापडतो. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोझ याने सोमनाथ येथे मशीद बांधली, त्याविषयीचा हा लेख. त्याच्या संस्कृत पाठात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार संवतांत कालनिर्देश केला आहे. त्यात फिरोझच्या नावामागे 'नाखू' असे लिहिले असून 'नौ' हे संक्षिप्त रूपही येते. हे दुसरे रूप 'नौवित्तक', म्हणजे नौका हेच ज्याचे वित्त तो, या शब्दाचे मानतात. दोन्ही पदव्या आद्याक्षरांनी लिहिल्या तरी कळाव्यात, इतक्या त्या बंदरात रुळल्या होत्या.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी'त जहाजावरील माणसांची यादी येते. तीत नाखुदा प्रथम, मार्ग जाणणारा मुअल्लिम त्यानंतर, आणि खलाशांचा मुख्य तो तांडेल. कोकण किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बोलीत यांपैकी दोघे अजून नांदतात. होडीचा मालक तो नाखवा. ती समुद्रात नेणारा तो तांडेल.

मराठी अनुवादक मात्र नाखुदासाठी बहुधा 'कर्णधार' योजतो. कर्ण म्हणजे सुकाणू. त्यामुळे नावेचा चालक उरतो, धनी हरवतो. 'नाखवा' लिहावे तर शब्दाचे कूळ राखले जाते, पण त्यातला 'खुदा' ऐकू येत नाही. मूळ काव्यातील विरोध देव आणि अ-देव यांच्यात नाही. तो दोन धन्यांमधला आहे, एक नावेचा आणि एक समुद्राचा. मराठीत मालकालाही 'धनी' म्हणतात आणि देवालाही. अनुवादाची वाट तेथूनच निघते.