रेघांची चळत

हिमायतनगरला पावसाचा विषय निघाला की जुनी माणसं सरासरी सांगत नाहीत. ‘त्या साली मृग कोरडा गेला’, ‘त्या साली पोळ्याच्या तोंडावर उघडीप पडली’, असं सालागणिक बोलतात. त्यांचं बरोबर आहे. एका पावसाळ्याची रोजची रेघ आलेख कागदावर छान उतरते. दहा सालांच्या दहा रेघा त्याच कागदावर काढल्या की गुंता होतो. सरासरी काढावी, तर एकच गुळगुळीत टेकडी उरते आणि सोयाबीन वाळवणारा खंड तिच्यात बुजून जातो.

यावर तोड एकच. प्रत्येक सालाची रेघ आधीच्या रेघेमागं जराशी सरकवून उभी करायची. आडवे दिवस, उभा पाऊस आणि मागं मागं जाणारी सालं. भाकऱ्यांसारखी रेघांची चळत.

या चळतीचं कूळ शोधताना मी थांबतो तो लुईजी पेरोझ्झो या इटालियन संख्याशास्त्रज्ञापाशी. त्यानं १८८० साली स्वीडनच्या १७५० ते १८७५ या काळातल्या जनगणनांमधून पुरुषांची संख्या घेतली आणि वयाप्रमाणे एकेका गणनेची रेघ एकामागं एक मांडून रंगीत उंचवटा रेखाटला. त्यात तिरकं पाहिलं की एकाच साली जन्मलेली पिढी विरळ होत जाताना दिसते. ही तिरपी वाट सुट्या रेघेत नसतेच. ती चळतीतच जन्माला येते.

पुढची पायरी आकाशातली. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी रेडिओ लहरींचा ठोका देणारा तारा, म्हणजे पल्सार, सापडला. या ठोक्यांची सरासरी ठाम असते, पण सुटा ठोका दरवेळी निराळा. अरेसिबोच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या हॅरल्ड क्राफ्ट यांनी ठोके एकामागं एक रचले. १९६८ साली त्यांनी आणि फ्रँक ड्रेक यांनी दाखवलं की काही पल्सारांच्या ठोक्याच्या आतली छोटी शिखरं दरवेळी थोडी सरकतात. पुन्हा तीच तिरपी वाट! पण नुसत्या रेघा एकमेकींतून आरपार दिसत, डोळा फसे. मग क्राफ्टनी संगणकाला शिकवलं: पुढची टेकडी उंच असेल तर तिच्यामागची रेघ झाकायची. मला या कुळकथेतला सर्वांत मोलाचा शोध हाच वाटतो. संगणकानं काढलेल्या त्या रेघा कॉर्नेल विद्यापीठातली एक आरेखक बाई काळ्या शाईनं गिरवून देई. तिच्या हाताचीही आठवण राहायला हवी. क्राफ्ट यांच्या १९७० च्या प्रबंधातली ८० ठोक्यांची चळत १९७९ साली जॉय डिव्हिजन या इंग्रज वाद्यवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली आणि जगभर पोचली.

आपल्याकडं नारायणगावजवळ खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनीही पल्सारांची अशी सरकती शिखरं टिपली आहेत.

पण मागची रेघ झाकण्यात एक धोका आहे. पुढच्या सालाचा मुसळधार आठवडा मागच्या सालाचा कोरडा आठवडा गिळून टाकतो, आणि आम्हाला तर तोच पाहायचा असतो. म्हणून पावसाची चळत मी दोनदा काढतो: एकदा नवं साल पुढं ठेवून, एकदा जुनं.