किशोरवयीन व तरुणांसाठी मानसिक आरोग्य साहाय्य (अक्कलकोट)

अक्कलकोट हे सोलापूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण आहे. येथील किशोरवयीन व तरुण व्यक्तींना मानसिक त्रासात मदत कोठे व कशी मिळू शकते, याची माहिती या लेखात दिली आहे.

लक्षणे

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, तपासलेल्या १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत मानसिक विकार आढळले. झोप व भूक बिघडणे, मित्रमैत्रिणींना टाळणे, अभ्यासात अचानक मागे पडणे, कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञाला दाखवावे. घरात यालाच ‘आळस’ किंवा ‘वयाचा हट्ट’ म्हटले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो. पुष्कळदा हा बदल पालकांआधी वर्गशिक्षकांच्या ध्यानी येतो.

मदतीची ठिकाणे

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असते. तिच्या भाषांत मराठी व कन्नड या दोन्ही असल्याने अक्कलकोटसारख्या द्वैभाषिक तालुक्यात ती विशेष उपयुक्त ठरते. गावात ‘कोणी पाहील’ ही भीती असणाऱ्यालाही ती सोयीची आहे. अठरा वर्षांखालील मुलांना १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही बोलता येते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१४) महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत १० ते १९ वर्षे वयोगटासाठी ‘मैत्री’ नावाची समुपदेशन केंद्रे चालवली जातात. त्यांची चौकशी प्रथम अक्कलकोटच्या शासकीय रुग्णालयात करावी. तज्ज्ञाच्या उपचारांसाठी सुमारे ४० किलोमीटरवरील सोलापूर गाठावे लागते. तेथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न ‘सिव्हिल’ रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. एका फेरीत दिवस मोडतो. रोजंदारीवरील कुटुंबाला हा खर्च औषधाहून जड वाटतो आणि त्यामुळे उपचार अर्धवट सुटतात.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून औषधे तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक संवादातून मदत करतो, औषध देत नाही.

श्रद्धा आणि कायदा

श्री स्वामी समर्थांमुळे अक्कलकोट हे दत्तसंप्रदायाचे मोठे क्षेत्र आहे. मनःशांतीसाठी दर्शनाला येणे आणि औषध घेणे यांत विरोध नाही. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे वा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे आणि आजाराची गुप्तता राखली जाणे हे रुग्णाचे हक्क आहेत. अल्पवयीनाच्या बाबतीत पालकांचा सहभाग आवश्यक असतो. सज्ञान व्यक्ती स्वतः निर्णय घेऊ शकते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे कलम ११५ गृहीत धरते.

तातडीच्या प्रसंगी

आत्महत्येचा विषय काढल्याने तो विचार बळावतो, हा समज चुकीचा आहे. थेट व शांतपणे विचारावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. शेतकरी घरात कीटकनाशके व तणनाशके त्वरित कुलूपबंद करावीत. १४४१६ वर संपर्क साधावा. जीवाला धोका दिसल्यास ११२ अथवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.