मिनामाताचा पारा आणि ४०० नंबरचं मांजर

वाचकहो, पाऱ्याचे थर्मामीटर आता दुकानात फारसे दिसत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यामागे जपानमधल्या एका गावाची गोष्ट आहे. आजार, पैसा आणि गप्प बसणं या तिन्हींचा त्यात संबंध आहे, म्हणून आज ती सांगतो.

जपानच्या क्यूशू बेटावर समुद्राकाठी मिनामाता हे गाव आहे. तिथले अनेक लोक मासेमारीवर जगत. गावात चिसो नावाच्या कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत गावातली मांजरं विचित्र वागू लागली. त्यांचा तोल जाई, ती गरगर फिरत आणि झटके येऊन मरत. पुढे माणसांनाही तसंच होऊ लागलं. हातापायांना मुंग्या येणं, अडखळत चालणं, बोबडं बोलणं, नजरेचा घेर कमी होणं, झटके, आणि काहींचा मृत्यू.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य कार्यालयाला या अनोळखी आजाराची खबर दिली. सुरुवातीला लोकांना हा संसर्गजन्य रोग वाटला आणि आजारी कुटुंबांना शेजाऱ्यांनी दूर लोटलं.

नेमकं काय होत होतं?

कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना पाऱ्याचं संयुग वापरलं जाई. त्या प्रक्रियेत मिथिल मर्क्युरी हे घातक विष तयार होई आणि सांडपाण्यातून थेट खाडीत जाई. ते आधी सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातं. प्रत्येक पायरीला त्याचं प्रमाण वाढतं. आपण तो मासा खाल्ला की हे विष आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, रक्तातून मेंदूत पोहोचतं आणि तिथल्या पेशी मारतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे झालेली हानी औषधाने भरून निघत नाही.

गरोदर स्त्रीच्या वारेतूनही ते बाळापर्यंत जातं. मिनामातात काही आयांना फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं मात्र जन्मतःच मेंदूची गंभीर इजा घेऊन आली.

माहीत असूनही...

जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं की कारण सेंद्रिय पारा आहे. कंपनीने ते नाकारलं. त्याच सुमारास डॉ. होसोकावा स्वतः प्रयोग करत होते. कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून त्यांनी ते एका मांजराला दिलं. त्याचा नंबर होता ४००. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्या मांजराला तीच लक्षणं दिसली. व्यवस्थापनाने पुढचे प्रयोग थांबवले आणि हा निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांत, डिसेंबर १९५९ मध्ये, कंपनीने रुग्णांशी 'सहानुभूती'च्या रकमेचा करार केला. त्यात अट होती की आजाराला कारखानाच जबाबदार आहे असं पुढे सिद्ध झालं, तरी जास्त भरपाई मागायची नाही. सांडपाणी शुद्ध करणारं यंत्रही वाजतगाजत बसवलं, पण विरघळलेला सेंद्रिय पारा काढणं त्याला जमणारं नव्हतं. कारखान्यातली ती प्रक्रिया मे १९६८ पर्यंत चालू राहिली. दरम्यान १९६५ मध्ये निइगाता भागात, दुसऱ्याच कंपनीच्या पाऱ्यामुळे, हाच आजार पुन्हा उघडकीला आला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये.

१९७० मध्ये मरणाच्या दारात असलेल्या डॉ. होसोकावांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली आणि ४०० नंबरच्या मांजराची हकिकत न्यायालयापुढे आली. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि तो 'सहानुभूती'चा करारही रद्दबातल ठरवला. सरकारची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला मात्र २००४ साल उजाडावं लागलं.

डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट टोचते. आजार पहिल्यांदा कळवणारा माणूसही होसोकावा, आणि पुरावा हातात असून अकरा वर्षं गप्प राहिलेला माणूसही तोच. पगार देणारा मोठा की रुग्ण? हा प्रश्न फक्त त्यांचा नव्हता.

आपण काय लक्षात ठेवायचं?

- मासे खाणं सोडू नका, ते पौष्टिक आहेत. बांगडा, तारली यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे टाळावेत.
- थर्मामीटर फुटला तर सांडलेल्या पाऱ्याला हात लावू नका, तो केरसुणीने झाडू नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बरणीत बंद करा.
- एकाच वस्तीत अनेकांना सारखाच त्रास होत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आसपास कोणता कारखाना आहे, पाणी कुठून येतं, हेही सांगा.

२०१३ मध्ये झालेल्या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचंच नाव दिलं आहे. पाऱ्याचे थर्मामीटर टप्प्याटप्प्याने बंद करायचं त्यातच ठरलं. पण मिनामाताच्या रुग्णांना खरी गरज होती ती १९५९ मध्ये कुणीतरी खरं सांगण्याची.