सोपोटचा सामना: बाजाराला आधीच काय कळलं होतं?



गेल्या दिवाळीत माझा पुतण्या बेंगळुरूहून घरी आला होता. आयटीत आहे, हुशार आहे. मोबाइलवर एका टेनिस सामन्याचा भाव दाखवत म्हणाला, "काका, तज्ज्ञांचं ऐकू नका. हजारो लोक स्वतःचे पैसे लावतात, तेव्हा जो भाव निघतो तोच खरा अंदाज." मी त्याला एका सामन्याची गोष्ट सांगितली. आज तीच तुम्हाला सांगतो.

आधी हा बाजार समजून घेऊ. अमेरिकेत काल्शी, पॉलीमार्केट अशा ठिकाणी 'अमुक खेळाडू जिंकेल' असा करार विकत मिळतो. तो जिंकला तर हातात एक डॉलर, हरला तर शून्य. करार ७० सेंटला विकला जात असेल, तर बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता ७० टक्के. सामना सुरू असताना प्रत्येक गुणाबरोबर हा भाव हलतो.

कल्पना नवी वाटते, पण तिचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये २००० साली जन्माला आला. त्याचं नाव बेटफेअर. इथे मधला बुकी नाही. एकाने पैज लावायची, समोरच्या अनोळखी माणसाने ती स्वीकारायची. आपल्या सट्टेबाजाराच्या भाषेत एकाची 'लगाई', दुसऱ्याची 'खाई'. कंपनीला फक्त दलाली. सगळे व्यवहार संगणकावर, त्यामुळे प्रत्येक पैजेची नोंद राहते. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरली.

आता चला पोलंडला. बाल्टिक समुद्राकाठचं सोपोट हे छोटं शहर. तारीख २ ऑगस्ट २००७. स्पर्धा दुसऱ्या दर्जाची, फेरीही दुसरी. एका बाजूला रशियाचा निकोलाय डेव्हिडेंको, जागतिक क्रमवारीत चौथा आणि त्या स्पर्धेचा आदल्या वर्षीचा विजेता. समोर अर्जेंटिनाचा मार्टिन वासालो आर्ग्वेयो, क्रमांक ८७. अशा सामन्यात भाव कोणाच्या बाजूने असायला हवा, हे शाळकरी मुलगाही सांगेल.

पण सामना सुरू होण्याआधीच पैसा आर्ग्वेयोवर पडू लागला. डेव्हिडेंकोने पहिला सेट ६-२ असा जिंकला. खरं तर इथे त्याचा भाव वधारायला हवा होता, पण पैसा आर्ग्वेयोवरच येत राहिला. दुसरा सेट डेव्हिडेंकोने ३-६ असा गमावला. तिसऱ्यात १-२ असा मागे असताना पायाच्या दुखापतीमुळे त्याने सामना सोडला.

या एका सामन्यावर बेटफेअरवर सुमारे ७० लाख डॉलरचे व्यवहार झाले होते. अशा दर्जाच्या सामन्यावर एरवी होतात त्याच्या जवळजवळ दहापट. कंपनीने सगळ्या पैजा रद्द केल्या. एवढं मोठं पाऊल तिने पूर्वी कधी उचललं नव्हतं.

पुरुष टेनिसची संघटना एटीपी हिने वर्षभराहून अधिक चौकशी केली. सप्टेंबर २००८ मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही खेळाडूंविरुद्ध कसलाही पुरावा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण लोक ते विसरतात. डेव्हिडेंकोने २००९ साली लंडनमध्ये वर्षअखेरची मानाची स्पर्धा जिंकली. तरीही त्याचं नाव काढलं की आजही अनेकांना आधी सोपोट आठवतं.

मित्रांनो, त्या दिवशी बाजाराचा अंदाज अचूक होता. पण बाजाराला काय कळलं होतं? दुखापतीची बातमी कुणाच्या कानी गेली होती? की आणखी काही? भावाकडे याचं उत्तर नाही. भाव फक्त एवढंच सांगतो की कुणाला तरी काहीतरी ठाऊक आहे.

यावर पुतण्या म्हणाला, "पण सट्टा काय आपल्याकडे नव्हता?" होता की. कोलकात्यात लोक पावसावर पैजा लावत. त्याविरुद्ध १८९७ साली बंगालमध्ये खास कायदा करावा लागला. मुंबईचा आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा. पण पावसाला लाच देता येत नाही. टेनिसमध्ये मात्र कोर्टावर एका बाजूला एकच माणूस असतो. अकरा जणांना फितवायची गरज नाही, एक पुरतो.

सोपोटनंतर टेनिस जागं झालं. २००८ साली भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतंत्र पथक उभं राहिलं. २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या डॅनियल कोलेररवर आजीवन बंदी आली. सामना निश्चितीसाठी अशी शिक्षा झालेला तो पहिला टेनिसपटू. पुढे एका स्वतंत्र समितीने २०१८ साली अहवाल दिला. तिने ३,२०० हून अधिक खेळाडूंना विचारलं होतं. सामना निश्चितीची प्रत्यक्ष माहिती आहे, असं १४.५ टक्के खेळाडूंनी सांगितलं. रोग सर्वांत जास्त होता तळाच्या स्पर्धांमध्ये. तिथे बक्षिसाच्या रकमेत प्रवासखर्चही निघत नाही, पण त्या सामन्यांचा गुणफलक थेट जगभरच्या सट्टेबाजांपर्यंत पोहोचतो. उपाशी शिपायाला शत्रूने गाठावं, तसाच हा प्रकार.

लष्करात आम्हाला एक शिस्त शिकवली होती. कोणतीही खबर आली की तिला दोन प्रती द्यायच्या: खबर देणारा किती विश्वासू, आणि खबर किती खात्रीची. देणारा कोण हेच माहीत नसेल, तर खबर खरी निघाली तरी तिच्यावर तुकडी पाठवताना दहादा विचार करायचा. बाजाराचा भाव ही अशीच बिननावाची खबर आहे. त्यात अभ्यासू माणसाचं शहाणपण असतं आणि फितुराचा पैसाही असतो. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले.

आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. कायदा त्याचं काम करेल. पण घरातल्या मुलाला एवढं नक्की सांगा: भाव तुझ्यापेक्षा शहाणा वाटतो तेव्हा समोर कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि तुझी पैज 'खाणारा' बहुधा तोच असतो.

पुतण्या काही बोलला नाही. मोबाइल मात्र त्याने खिशात ठेवला.

जय हिंद.