शकुनाच्या बदलत्या रेषा

प्राचीन चीनमध्यें शकुन पाहणारे एका रानवनस्पतीच्या पन्नास काड्या घेत. एक बाजूस ठेवून उरलेल्यांची वारंवार वांटणी करीत आणि तींतून ६, ७, ८ किंवा ९ असा अंक काढीत. विषम अंकाची रेषा अखंड, समाची मध्यें तुटलेली. अशा सहा रेषा खालून वर रचल्या कीं एक आकृति होई. ७ व ८ ह्यांच्या रेषा स्थिर. ६ व ९ ह्यांच्या मात्र उलटत, आणि दुसरी आकृति सिद्ध होई. मग फल कोठें वाचावयाचें? पहिल्या आकृतींत, दुसरींत, कीं एखाद्या रेषेंत?

‘त्स्वो-चुआन’ ह्या इतिहासग्रंथांत लू राज्याची राजमाता मू ज्यांग हिची कथा आहे. प्रियकराच्या नादानें तिनें दोन प्रबळ घराणीं उखडण्याचा कट केला. पुत्रालाही, तुला पदच्युत करीन, असा धाक घातला. इ. स. पूर्वी ५७५ मध्यें कट फसला, प्रियकर परागंदा झाला व तिला पूर्वेकडील वाड्यांत ठेवण्यांत आलें. तेथें जातांना तिनें शकुन पाहविला. आकृति निघाली स्थिरतेची. पांच रेषा उलटून ती अनुसरणाची झाली. केवळ खालून दुसरी रेषा, आठाची, अचल राहिली. शकुनी म्हणाला, अनुसरण म्हणजे बाहेर पडणें. आपण लवकरच सुटाल. यजमानाचें मुख पाहून फल सांगणारे सर्व देशांत असतात!

राणीनें तें मानलें नाहीं. अनुसरणाच्या वचनांत चांगुलपणा, मर्यादा, न्याय व दृढता अशा चार गुणांमागून निर्दोषतेचें आश्वासन येतें. आपण राज्याचें स्वास्थ्य घालविलें, स्वतःचें अहित केलें, पदाची मर्यादा सोडली. गुणच नाहींत तर आश्वासन कोणास? आपण येथेंच मरणार, असें ती म्हणाली, आणि इ. स. पूर्वी ५६४ मध्यें तेथेंच वारली. (ह्या गुणांचें जवळजवळ ह्याच शब्दांतील विवेचन पुढें कन्फ्यूशियसच्या नांवावर रूढ झालें, त्याचा जन्म परंपरेप्रमाणें इ. स. पूर्वी ५५१ मधला.) ग्रंथ बराच मागाहून रचलेला असल्यामुळें हें भाषण ग्रंथकाराचेंही असूं शकेल, पण स्वतःविरुद्ध कौल देणारी अशी व्यक्ति आम्हांस शकुनकथांत क्वचितच भेटते.

इ. स. ११८६ मध्यें चू शी ह्या पंडितानें नियम घातला कीं, पांच रेषा उलटल्यास दुसऱ्या आकृतींतील न उलटलेली रेषा वाचावी. त्यानुसार त्यानें ह्या शकुन्यास चुकीचा ठरविलें. साडेसतराशें वर्षांनंतरचा नियम मागें लावणें आम्हांस पटत नाहीं. शिवाय, त्या रेषेचें वचन तरी काय? पोरास बिलगून कर्त्या पुरुषास अंतरल्याचें तें आहे. मू ज्यांगला त्यांतही सुटकेची वाट सांपडली नसती.